फर्मान आणि विधेयक : हैदराबाद राज्यातील कायदेनिर्मितीचा एक धडा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या पिढीने या शहरात दोन राजवटी पाहिल्या. पहिल्या राजवटीत कायदा झाला हे प्रजेला ‘जरीद्या’तून, म्हणजे सरकारी राजपत्रातून, कळत असे. दुसऱ्या राजवटीत कायदा होण्यापूर्वी त्याचा मसुदा विधेयक म्हणून सभागृहासमोर येऊ लागला. त्यावर भाषणे होऊ लागली, दुरुस्त्या सुचविल्या जाऊ लागल्या, आणि मग मतदानाने तो संमत किंवा नामंजूर होऊ लागला. आज आपल्याला हे इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही मिळविले होते, याचाच विसर पडतो.

म्हणून आज मी आपल्यासमोर एक साधा प्रश्न ठेवणार आहे. फर्मान आणि विधेयक यांत फरक नेमका कोठे असतो? सभागृह अस्तित्वात आले, की तो फरक आपोआप सिद्ध होतो काय? हैदराबाद राज्याचा १८९३ ते १९५६ हा काळ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार उपयोगी आहे. कारण एकाच भूमीवर, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत, कायदा करण्याच्या सर्व तऱ्हा येथे होऊन गेल्या.

१. जरीद्यातला कायदा

निजामाच्या राज्यात कायदेमंडळच नव्हते, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत ‘कानूनचा-ए-मुबारक’ या नावाने राज्यकारभाराची चौकट घालण्यात आली आणि १८९३ साली कायदेमंडळ स्थापन झाले. हायकोर्टाच्या वकिलांना व जहागीरदारांना तेथे थोडे प्रतिनिधित्व होते. परंतु बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे असे आणि अखेरचा शब्द निजामाचा. मंडळाने संमत केलेला मसुदाही शाही मंजुरीवाचून कायदा होत नसे. उलटपक्षी, मंडळासमोर न आलेली गोष्टही एका फर्मानाने कायदा होऊ शकत असे.

या पद्धतीत चांगले काहीच झाले नाही असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. न्यायखाते आणि अंमलबजावणीचे खाते यांची फारकत ही राष्ट्रीय सभेची ब्रिटिश हिंदुस्थानातील जुनी मागणी होती. ती तेथे पुरी होण्याआधीच हैदराबादेत १९२१ साली फारकत अमलात आली, आणि तीही फर्मानानेच. तथापि त्याच फर्मानी पद्धतीतून सभाबंदीही आली. १९२९ च्या प्रसिद्ध ‘गश्ती निशाण ५३’ प्रमाणे जाहीर सभेसाठी सरकारची आगाऊ परवानगी लागू लागली. खासगी शाळा काढण्यासही परवानगीचे बंधन होते. मुलांना मराठीत शिकवावे म्हणून शाळा काढणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे बंधन किती जाचक झाले, हे या सभागृहात वेगळे सांगावयास नको. देणाराही फर्मान आणि हिरावून घेणाराही फर्मान! दोहोंपूर्वी प्रजेला कोणी विचारलेले नसे.

यात भाषेची अडचण आणखी मोठी होती. संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. लोकसंख्येत तेलुगू भाषक निम्म्याच्या घरात आणि मराठी भाषक सुमारे पाव हिस्सा. परंतु १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतल्यापासून कोर्टकचेऱ्यांची भाषा उर्दू झाली. जरीदा निघे तोही उर्दूतच. परभणीच्या शेतकऱ्याला किंवा वरंगळच्या विणकऱ्याला आपल्यावर लागू झालेला कायदा वाचता येत नसे. तो त्याला पाटील, पटवारी किंवा वकील सांगेल तेवढाच कळे. कायदा सांगणारा आणि कायद्याचा लाभ घेणारा हा पुष्कळदा एकच माणूस असे. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा; पुढे तो पुन्हा येणार आहे.

२. आपल्याच मंडपातील एक रात्र

मराठी वकीलमंडळींनी या शहराच्या सार्वजनिक जीवनाला जे वळण लाविले, ते आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने १९०७ साली विवेकवर्धिनी उभी राहिली. कोरटकर पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. सभा भरविणे, ठराव मांडणे, त्याला अनुमोदन देणे, विरोधी भाषण ऐकून घेणे, या गोष्टी ज्या काळी संस्थानात नवलाच्या होत्या, त्या काळी या मंडळींनी त्यांचा परिपाठ घालून दिला. विधेयक म्हणजे तरी काय? तो राज्यापुरता मोठा केलेला ठरावच असतो.

परंतु इतिहास सांगताना आपल्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्यातील सामाजिक परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. भाषणे मराठी, उर्दू व इंग्रजीत चालली होती. आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांतील काहींनी आरडाओरड करून त्यांची टर उडविली. विधवांच्या आणि दलितांच्या दुःखाची चर्चा करण्यासाठी जमलेल्या त्या सभेला राज्यातील निम्म्या प्रजेची भाषा ऐकवेना! त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जन संघाचा पाया घातला गेला. माडपाटी हनुमंतराव आणि तरुण बुर्गुल रामकृष्णराव त्या मंडळींत होते. याच संघातून पुढे आंध्र महासभा उभी राहिली.

ज्यांना फर्मानाचा जाच सोसावा लागत होता, त्यांनीच त्या सायंकाळी एका माणसाला त्याच्या भाषेत बोलू दिले नाही. ऐकून न घेणे हा दोष केवळ राजवाड्यापुरता नसतो, हे या प्रसंगाने शिकविले. आंध्र मंडळींनी त्याचा योग्य तो अर्थ घेतला. आपण तो किती घेतला, याचा हिशेब आपला आपणच केला पाहिजे.

३. अय्यंगार समिती

१९३७ हे वर्ष संस्थानात मोठ्या घडामोडींचे होते. जूनमध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. सप्टेंबरमध्ये निजाम सरकारने घटनात्मक सुधारणा सुचविण्यासाठी दिवाणबहादूर अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या सभासदांत मीर अकबर अली खान आणि मराठी वकील काशीनाथराव वैद्य हे होते. १९३८ साली समितीचा अहवाल तयार झाला आणि जुलै १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या.

या सुधारणांचे स्वरूप विलक्षण होते. ८५ सभासदांच्या विधिमंडळात ४२ निवडलेले, म्हणजे निम्म्याहूनही कमी. निवडणूक प्रदेशवार नव्हती. जमीनदार, व्यापारी, वकील, पदवीधर अशा हितसंबंधांच्या गटांनी आपापले प्रतिनिधी पाठवावयाचे. मंत्रिमंडळ या सभागृहाला जबाबदार राहणार नव्हते. दरम्यान, सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली होती आणि ऑक्टोबरपासून स्वामी रामानंद तीर्थ प्रभृतींचा सत्याग्रह सुरू झाला होता. म्हणजे एका हाताने सभागृह द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने सभा बंद करावयाची! सुधारणांची अंमलबजावणीही रखडली. अखेर १९४६ साली निवडणुका झाल्या, तेव्हा स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार घातला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हे विधिमंडळ इतिहासजमा झाले.

समितीच्या सभासदांना दोष देणे आज सोपे आहे. दिलेल्या चौकटीत जे मिळेल ते मिळवावे, असा विचार करणारे लोक प्रत्येक काळात असतात आणि त्यांची गरजही असते. आपल्या प्रश्नापुरता निष्कर्ष एवढाच, की सभागृह, प्रश्नोत्तरे, विधेयकाची वाचने ही सर्व बाह्य अंगे कागदावर असूनही तो कारभार फर्मानीच राहिला. सभागृहाचे उत्तर राज्यकर्त्यावर बंधनकारक नव्हते.

४. एका हुकमाने झालेली क्रांती

आता या विवेचनाला आडवा जाणारा एक दाखला मी स्वतःच पुढे करतो. पोलीस कारवाईनंतर निजामाने आपले सर्व अधिकार फर्मानाद्वारे लष्करी प्रशासकाकडे सोपविले. जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या त्या कारभारात ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी नष्ट करणारा विनियम निघाला. संस्थानाच्या जवळजवळ एक तृतीयांश भागावर जहागीरदारांचा अंमल होता. काहींच्या स्वतःच्या कचेऱ्या व स्वतःचे पोलीस होते. शतकांची ही व्यवस्था एका हुकमाने संपली. त्याच फसली सनात, १३५८ मध्ये, दलितांच्या मंदिरप्रवेशाचे आणि सामाजिक निर्बंध दूर करण्याचे विनियमही निघाले. यांपैकी एकही गोष्ट सभागृहात चर्चिली गेली नाही, सभागृह नव्हतेच.

मग कोणी विचारील, की हे चांगले झाले की नाही? चांगलेच झाले. जहागिरी नष्ट करण्याचे विधेयक वर्षभर चर्चेत राहिले असते, तर तेवढ्या अवधीत किती जमिनी, किती कागद इकडचे तिकडे झाले असते, याची कल्पना करता येते. फर्मानाची घाई कधीकधी दुर्बळाच्या उपयोगी पडते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जहागीरदार गेल्यावर त्याच्या खाली जमीन कसणाऱ्या कुळाचे काय झाले, हा पुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तितके सुखाचे नाही.

५. कुळांचा कायदा

जून १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा अमलात आला. त्या वेळी वेलोडी हे मुख्यमंत्री होते आणि महसूल खाते बुर्गुल रामकृष्णराव यांच्याकडे होते. निवडून आलेले सभागृह अजून अस्तित्वात आले नव्हते. कायदा मात्र देशातील पुरोगामी कायद्यांत गणला गेला. कायद्यात सांगितलेल्या काळात ज्याने सलग सहा वर्षे जमीन कसली असेल, तो ‘संरक्षित कूळ’ ठरावयाचा. त्याला मनमानीने काढता येणार नव्हते, खंडाला मर्यादा होती, आणि जमीन विकत घेण्याचा त्याला हक्क होता. मालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागता येई, पण त्यालाही अटी होत्या. संरक्षित कुळांच्या याद्या तयार झाल्या. कागदावर पाहता, तेलंगणात ज्यासाठी सशस्त्र लढा झाला आणि मराठवाड्यात ज्यासाठी शेतकरी झगडत होते, त्याचा मोठा भाग या कायद्याने दिला.

प्रत्यक्षात काय घडले? अर्थशास्त्रज्ञ अली मोहम्मद खुसरो यांनी या सुधारणांच्या परिणामांची पाहणी केली आणि तिचे पुस्तक १९५८ साली उस्मानिया विद्यापीठाने प्रसिद्ध केले. त्यातील आकडे प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावेत असे आहेत. १९५१ मध्ये नोंदलेल्या दर शंभर संरक्षित कुळांपैकी चार वर्षांनंतर सुमारे ४५ जणच संरक्षित कूळ म्हणून उरले होते. १२ जणांनी जमीन विकत घेऊन मालकी मिळविली. कायदेशीर मार्गाने जमीन गेली अशी कुळे अडीचच होती. मात्र सुमारे २२ कुळांना बेकायदा हुसकून लावण्यात आले होते, आणि जवळपास १८ कुळांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडली होती.

या ‘स्वखुशी’वर थोडे थांबले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, कायद्याने हक्क दिलेला असताना, दर शंभरांतील अठरा माणसे चार वर्षांत आनंदाने सोडून देतात, यावर कोणाचा विश्वास बसेल? गावात राहावयाचे असेल, मालकाकडून बी-बियाणे व कर्ज हवे असेल, पटवाऱ्याशी वैर नको असेल, तर राजीनाम्यावर अंगठा उठवावा लागे. बेकायदा निघालेली २२ आणि अशी ‘स्वखुशी’ची १८ मिळून चाळीस होतात. ज्या कायद्याने कुळाला संरक्षण दिले, त्याच्या छायेखाली शंभरांतील चाळीस कुळे उठली.

याची कारणे अनेक आहेत. महसूल यंत्रणा अपुरी होती आणि गावातील सत्ता जुन्याच हातांत होती. परंतु मला एक कारण सर्वांत महत्त्वाचे वाटते. या कायद्याने ज्याचे नुकसान होणार होते, त्याने तो वाचला होता. ज्याचा फायदा होणार होता, त्याने वाचला नव्हता. जमीनमालकाजवळ वकील होता. कायदा इंग्रजीत व उर्दूत होता, आणि तो कुळाला समजावून सांगणार तो पटवारी; त्याचे हितसंबंध बहुधा मालकाशीच जुळलेले. कुळाला आपला हक्क कळण्यापूर्वी मालकाला त्यातून निसटण्याची वाट कळली. फर्मानाच्या काळात परभणीच्या शेतकऱ्याची जी स्थिती होती, तीच नव्या कायद्याच्या काळात कायम राहिली.

६. पाच भाषांचे सभागृह

१९५२ च्या आरंभी प्रौढ मतदानाने निवडणुका झाल्या आणि १७५ सभासदांची हैदराबाद विधानसभा अस्तित्वात आली. काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या. पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाखाली लढलेल्या कम्युनिस्टांच्या आघाडीने ४२, समाजवाद्यांनी ११ आणि शेतकरी कामगार पक्षाने १० जागा जिंकल्या. ६ मार्च १९५२ रोजी बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, मराठी जाणणारे तेलुगू गृहस्थ. सभापती झाले काशीनाथराव वैद्य. १९३७ च्या अय्यंगार समितीत बसलेले तेच वैद्य. विरोधी पक्षाचे नेते व्ही. डी. देशपांडे मराठी भाषक होते, पण निवडून आले होते इप्पागुडा या तेलुगू मतदारसंघातून.

विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहातील १९२१ ची रात्र आणि बागे-आममधील १९५२ चे हे सभागृह यांत अवघी एकतीस वर्षे होती. त्या रात्री ज्यांच्या भाषेची टर उडविली गेली, त्यांच्यातील एक जण आता राज्याचा मुख्यमंत्री होता. त्याला प्रश्न विचारणारा विरोधी नेता मराठी, आणि दोघांना शिस्त लावणारा सभापतीही मराठी. सभासद उर्दू, तेलुगू, मराठी, कानडी व इंग्रजी अशा भाषांतून बोलत आणि कामकाजाच्या छापील खंडांत भाषणे त्या त्या लिपीत उमटत. ते खंड चाळताना एका पानावर देवनागरी, दुसऱ्यावर तेलुगू, तिसऱ्यावर उर्दू लिपी दिसते. फर्मानाला एकच भाषा पुरत होती. विधेयकाला राज्यात जितक्या भाषा तितक्या लागल्या.

या सभागृहाने साडेचार वर्षांत केलेले काम थोडे नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९५२ मध्ये झाला, घरभाडे नियंत्रणाचा १९५४ मध्ये. इनामे नष्ट करण्याचे विधेयक आले. १९५५ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, तो देशातील अशा आरंभीच्या कायद्यांपैकी एक होय. आणि ज्या कूळकायद्याची कथा मी सांगितली, त्याच्या दुरुस्तीचे विधेयक १९५३ मध्ये सभागृहासमोर आले. त्यावर कलमवार चर्चा झाली आणि १९५४ च्या आरंभी त्याचा कायदा झाला. कुटुंबाच्या निर्वाहाला पुरेल एवढ्या जमिनीचे माप ठरवून त्याच्या पटीत मर्यादा घालण्याची कल्पना त्यात होती. तसेच सरकारने अधिसूचना काढून संरक्षित कुळाला थेट मालक ठरविण्याची तरतूदही, जिला आजही ‘अडतीस ई’ या नावाने वकील ओळखतात, या दुरुस्तीतूनच कायद्यात आली. पहिल्या कायद्याने कुळाला ‘हक्क माग’ असे सांगितले होते. दुरुस्तीने ‘तू न मागताही सरकार देईल’ असे म्हटले. मागणाऱ्याला गावात काय भोगावे लागते, हे गावातून निवडून आलेल्या सभासदांना ठाऊक होते. अर्थात तोपर्यंत अनेक कुळे उठली होती.

सभागृहासमोर न आलेल्या गोष्टी काय करू शकतात, याचाही दाखला याच वर्षांत मिळाला. मुलकी नियम, म्हणजे सरकारी नोकऱ्या संस्थानातील रहिवाशांसाठी राखणारे नियम, १९१९ च्या फर्मानातून आले होते. पोलीस कारवाईनंतर बाहेरून आलेल्या नोकरवर्गाबद्दल आणि खोट्या मुलकी दाखल्यांबद्दल असंतोष वाढत गेला. १९५२ च्या उन्हाळ्यानंतर वरंगळमधून विद्यार्थ्यांचे आंदोलन पसरले. ३ व ४ सप्टेंबर १९५२ रोजी या शहरात, सिटी कॉलेजच्या परिसरात, गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांनी त्याची चौकशी केली. राजवट बदलली तरी ते फर्मान चालूच राहिले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम ग्राह्य ठरविले आणि १९७३ मध्ये संसदेने ते रद्द केले. १९१९ च्या एका फर्मानाने चोपन्न वर्षे तरुणांच्या नोकऱ्यांचा आणि त्यांच्या रोषाचा मार्ग ठरविला.

७. राज्य गेले, कायदे राहिले

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नाहीसे झाले. त्यापूर्वी या सभागृहाने स्वतःच्या राज्याच्या विसर्जनावर चर्चा केली. १९५५ च्या अखेरीस राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालावर मत मांडलेल्या १४७ सभासदांपैकी १०३ जण विशालांध्राच्या बाजूने होते, २९ विरुद्ध आणि १५ तटस्थ. औपचारिक मतदान झाले नाही. मराठी जिल्हे मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले.

परंतु कायदे माणसांबरोबर गेले. एकच कूळकायदा तीन राज्यांत वाटला गेला आणि तीन वाटांनी चालू लागला. मराठवाड्यात कुळांना मालकी देण्याचे पाऊल १९५० च्या दशकातच पडले. कानडी जिल्ह्यांत म्हैसूरच्या १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्याने त्याची जागा घेतली. तेलंगणाच्या बहुतेक भागात ‘अडतीस ई’ची अंमलबजावणी १ जानेवारी १९७३ पर्यंत थांबली. १९५१ साली यादीत नाव लागलेले तेलंगणातील तरुण कूळ मालक होण्याची वाट पाहत म्हातारे झाले असेल. औरंगाबादेपासून आदिलाबादेपर्यंतच्या तहसील कचेऱ्यांत आजही त्या याद्या काढून पाहिल्या जातात आणि संरक्षित कुळांचे वारस न्यायालयांत उभे राहतात. जे राज्य नकाशावर नाही, त्याच्या सभागृहातील एका कलमावर आजही एखाद्या घरची शेती अवलंबून असते.

याच शहरात १९५५ सारखा प्रसंग पुन्हा आला. आंध्र प्रदेश पुनर्रचनेचे विधेयक राष्ट्रपतींनी मतासाठी आंध्र प्रदेश विधानसभेकडे पाठविले. ३० जानेवारी २०१४ रोजी सभागृहाने ते आवाजी मतदानाने फेटाळले. फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले. त्या निर्णयाबद्दल येथे बसलेल्यांत मतभेद असतील, आणि तो वाद माझ्या विषयाबाहेरचा आहे. घटनेने राज्याच्या सभागृहाला विचारणे आवश्यक केले आहे, त्याचे ऐकणे आवश्यक केलेले नाही. त्यात घटनाकारांचाही काही विचार होता. तरीही विचारणे आणि ऐकणे यांत अंतर असते, हे नागरिकाला ठाऊक असले पाहिजे.

८. आजचा प्रश्न

आज कोणी फर्मान काढीत नाही. परंतु विधेयक सकाळी सभासदांच्या हाती पडते आणि दोन-चार दिवसांत त्याचा कायदा होतो, हे सर्व पक्षांच्या राज्यांत घडते. तेलंगणात सप्टेंबर २०२० मध्ये जमिनीच्या हक्कनोंदीचा नवा कायदा काही दिवसांत संमत झाला. ‘धरणी’ नावाच्या संगणकीय नोंदीत जमीन प्रत्यक्ष कोण कसतो याचा जुना रकाना राहिला नाही. ज्या भूमीत कुळांचा एवढा इतिहास घडला, तेथे कसणाऱ्याचा रकाना एवढ्या सहज पुसला जावा, याचे मला दुःख वाटते. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये नव्या हक्कनोंद विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी आधी प्रसिद्ध करण्यात आला, डिसेंबरमध्ये तो संमत झाला आणि २०२५ मध्ये ‘भू भारती’ या नावाने अमलात आला. कायदा कितपत यशस्वी होईल हे काळ ठरवील. मसुदा आधी दाखविण्याची रीत मात्र योग्य आहे. केंद्र सरकारने २०१४ सालीच असे धोरण ठरविले आहे, की विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. ते सक्तीचे नसल्यामुळे पुष्कळदा पाळले जात नाही.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता वळतो. फर्मान आणि विधेयक यांत फरक कोठे असतो? सभागृह हवे, हे खरे. पण १९३९ च्या योजनेने दाखविले, की सभागृह असूनही फर्मान राहू शकते. १९५० च्या कूळकायद्याने दाखविले, की हेतू उत्तम असूनही कायदा ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचला नाही, तर दुसराच त्याचा उपयोग करून घेतो. जहागिरींच्या विनियमाने दाखविले, की घाईही कधी उपकारक ठरते. परंतु त्या घाईचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत नेण्यासाठी पुन्हा सभागृहाकडेच यावे लागते. माझ्या मते प्रस्तावित कायदा ज्याच्या जीवनाला स्पर्श करणार आहे, त्याला तो आपल्या भाषेत वाचता यावा, त्यावर बोलण्यास वेळ मिळावा, आणि बोलल्याचे उत्तर मिळावे. या तीन गोष्टी नसतील, तर मथळ्यावर विधेयक असे छापलेले असले तरी ते फर्मानच होय.

यांतील पहिली गोष्ट शाळेच्या हाती आहे, म्हणून हा विषय मी शाळेच्या व्यासपीठावर मांडला. आपल्या पूर्वजांनी मराठी शाळा काढल्या त्या केवळ कवितांसाठी नव्हेत. आपल्या भाषेत विचार करणारा, वाद घालणारा आणि दुसऱ्याची भाषा ऐकून घेणारा नागरिक त्यांना घडवावयाचा होता. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विधेयकाची तीन वाचने पाठ करून घेतली जातात. त्याऐवजी दरवर्षी एक खरा मसुदा, पाण्याचा, भाड्याचा, शिक्षणाचा, वर्गात वाचून दाखवावा. मुलांनी त्याचे कलम मराठीत आणि शेजारच्या मित्रासाठी तेलुगूत सोप्या शब्दांत लिहावे. यातून कोणाचा फायदा, कोणाचे नुकसान, आणि हे कोणाला कळणार नाही, असे तीन प्रश्न विचारावेत. माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. त्यांनी महिन्यातून एक तास या कामाला द्यावा.

१९५१ च्या यादीतील ज्या कुळांनी ‘स्वखुशीने’ अंगठे उठविले, त्यांच्यापाशी कायद्याचा मसुदा समजावून सांगणारा एखादा शाळकरी मुलगा बसला असता, तर सगळ्यांच्या नव्हे, पण काहींच्या तरी जमिनी वाचल्या असत्या. ज्या गुरुजनांचे स्मरण आपण आज करीत आहोत, त्यांनी आपल्याला वाचावयास शिकविले. त्या वाचण्याचा उपयोग न वाचता येणाऱ्यासाठी करणे, ही त्यांची आठवण ठेवण्याची एक चांगली रीत आहे.